हलवा, घुसळू नका

देवरे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात दुधाची बाटली होती आणि मी ती हलवत होते. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, सगळं ऐकलं, "हो, हो" म्हटलं, पण हात थांबवला नाही. थांबवला असता तर मॅडम वरूनसुद्धा ओरडल्या असत्या. आमच्या दूध बँकेतला हा पहिला नियम. फ्रिजमधून काढलेलं आईचं दूध मोजायच्या, ओतायच्या किंवा बाळाला पाजायच्या आधी बाटली हलक्या हाताने गोल गोल फिरवायची. म्हणजे वर आलेली, काचेला चिकटलेली साय परत दुधात मिसळते. जोरात मात्र नाही. "हलवा, घुसळू नका. ताक नाही करायचंय आपल्याला." हे वाक्य त्या दिवसभर म्हणायच्या. आम्हाला, सिस्टरांना, नव्या डॉक्टरांना, एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांनाही म्हणाल्या होत्या.

दूध बँक म्हटलं की अजूनही लोक हसतात. माझ्या सासरच्यांना सुरुवातीला वाटलं होतं, मी डेअरीत लागले. नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर, अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागाला लागून आमच्या दोन खोल्या आहेत. ज्या बायांना दूध जास्त येतं त्या देऊन जातात, ज्या बाळांना आईचं मिळत नाही त्यांना ते जातं. आणि ज्या बाळांच्या आया घरी असतात, त्यांनी पाठवलेलं दूधही आमच्याच हातून आत जातं. देवरे मॅडम या खोल्यांच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची तंत्रज्ञ. हाताखालची म्हणजे खरं तर पायामागची, कारण त्या पुढे पळायच्या आणि मी मागे.

मॅडम मूळच्या सटाण्याच्या. बुटक्या, काटक, साडीखाली खेळाचे बूट. इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. मुलगा परदेशात, नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. बोलणं शुद्ध, पण राग आला की सटाणा बाहेर पडायचा, तिकडची अहिराणी. सांडलेलं दूध दिसलं की "हाई काय शे?" आणि मी जागेवरून हलले नाही की "चाल वं माय, चाल!" हा 'चाल' त्यांचा लाडका शब्द होता. 'थांब' हा शब्द त्यांनी माझ्यासमोर कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. मुंबई नाक्याच्या सिग्नलला स्कूटीवर बसल्या बसल्या त्यांचा पाय टकटक वाजत राहायचा आणि शेजारचा रिक्षावाला आपल्या गाडीचा आवाज आहे की काय म्हणून खाली वाकून बघायचा.

त्यांच्या टेबलामागे एक चांगली फिरती खुर्ची होती. तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद मी कधी निघालेला पाहिला नाही. खुर्चीवर त्यांचा स्वेटर बसायचा. डबा त्या उभ्याने खायच्या, एका हातात पोळीची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात कुठलातरी थर्मामीटर. चहाचा ग्लास हातात आला की आधी तो दोनदा गोल फिरवायच्या आणि मगच तोंडाला लावायच्या. माझ्या लग्नात पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्याच्या हातातून यांनी जग काढून घेतला. "खाली मीठ नि वर पाणी, असं वाढतोस लोकांना?" म्हणत अख्ख्या रांगेला स्वतः हलवून हलवून वाढत गेल्या. सासरकडची माणसं विचारत होती, या नवरीच्या कोण? मी सांगितलं, साहेब.

दुधावर त्या बोलायला लागल्या की मात्र ऐकत राहावंसं वाटायचं. नव्याने लागलेल्या मुलींना त्या पुस्तक द्यायच्या नाहीत, स्वयंपाकघरात न्यायच्या. "आईचं दूध म्हणजे एक पदार्थ आहे असं समजू नका. तो रोजचा स्वयंपाक आहे. खाणारा कोण, किती दिवसांचा, यावर तो बदलतो. पहिल्या दिवसांत चीक. थेंबभर, पिवळा, त्यात पोट भरायचं कमी आणि दुखणं अडवायचं जास्त. मग हळूहळू साखर वाढते, स्निग्ध वाढतं. ज्या बाईला दिवस भरायच्या आधी झालंय, तिच्या सुरुवातीच्या दुधात प्रथिनं जास्त. कुणी सांगितलं तिच्या शरीराला? कुणी नाही. आणि एका वेळच्या पाजण्यातसुद्धा बघा, आधी पातळ येतं, तहानेचं. लोणी शेवटी. म्हणून बाळाला मध्येच उचलून दुसरीकडे लावू नका. शेवटपर्यंत पिऊ द्या. तळाशी लोणी आहे."

आणि या सगळ्याच्या शेवटी, बोट नाचवत: "पाण्यासारखं दूध कुठल्याच आईचं नसतं. कुणी म्हटलं तर माझ्याकडे पाठवा."

असे खूप जण त्यांच्याकडे आले आणि गार होऊन परत गेले. आमच्याकडे साफसफाईला एक मावशी होत्या. त्यांच्या घरी म्हैस व्यायली तेव्हा त्या डबा भरून खरवस घेऊन आल्या. वेलची, केशर, सगळं घालून. मॅडमनी उभ्या उभ्या दोन वड्या संपवल्या, बोटं चाटली आणि विचारलं, "मावशी, तुमची सून पण कालच बाळंत झाली ना? तिचा चीक?" मावशी म्हणाल्या, "ते खराब दूध, पिवळं. पिळून टाकायला लावलं." मॅडमनी तिसरी वडी उचलली. "बरं. म्हणजे पारडाच्या वाटचा चीक तुम्ही मला खाऊ म्हणून आणलात, आणि नातीच्या वाटचा मोरीत." मावशींनी डबा तसाच टेबलावर ठेवला आणि पदर खोचून प्रसूती विभागाकडे पळत सुटल्या. मॅडम त्यांच्याही पुढे होत्या.

अळीव, डिंकाचे लाडू, शतावरी, मेथी, याला त्यांचा विरोध नव्हता. "खाऊ दे, चांगलंच आहे. पण दुधातलं लोणी लाडवातून मोजून उतरत नाही. बाईला आधी झोपू द्या आणि तिच्या डोक्याला टोचू नका. डोक्याला टोचलं की दूध आटतं, हे लाडवाच्या डब्यावर लिहा."

हे त्या इतकं चिडून का बोलायच्या हे मला मातोरीला गेल्यावर कळलं.

मातोरीच्या त्या घराची नावं मी बदलून सांगते. गुलाब आणि पालेभाजी पिकवणारं कुटुंब, रोज पहाटे माल शहरात यायचा. सून जयश्री, तिचं पहिलंच बाळंतपण, दिवस भरायच्या खूप आधी झालं. मुलगा इतका लहान की त्याच्या बापाला तो हातात घ्यायचं धाडस होईना. जयश्रीचे सिझेरियनचे टाके पिकले, ताप आला, तिला बरी होईपर्यंत घरीच राहायला सांगितलं. बाळ आमच्याकडे काचेच्या पेटीत. मग रोज सकाळी तिची सासू, हौसाबाई, दूध घेऊन यायच्या. आम्ही दिलेल्या निर्जंतुक बाटल्या, गुलाबाची फुलं पाठवायच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून, त्यात नीट उभ्या. गुलाबाच्या पाकळ्या कधीकधी बाटल्यांना चिकटलेल्या असायच्या. खोकं टेबलावर ठेवून हौसाबाई हात जोडायच्या, काचेतून नातवाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "वाढतंय का वं बाई माझं लेकरू?"

वाढत नव्हतं. बाकी सगळं ठीक होतं, श्वास, रक्त, पोट. वजनाचा काटा मात्र तिथल्या तिथे. आमचे डॉक्टर सज्जन माणूस, त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी मॅडमना म्हणाले, "एकदा दूध बघता का?"

दूध बघायची आमची रीत साधी आहे. काचेच्या केसाएवढ्या बारीक नळीत थेंबभर दूध ओढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, साय एका टोकाला जमते. तिची उंची पट्टीवर मोजायची. मॅडम त्या यंत्राला 'भिंगरी' म्हणायच्या. जयश्रीची नळी भिंगरीतून निघाली आणि मॅडमनी ती उजेडात धरली. साय जेमतेम नखाच्या कडेइतकी.

"कुणी हलवलं होतं?"

"मी, मॅडम."

"कसं?"

करून दाखवलं. त्यांनी बाटली हिसकावून घेतली आणि स्वतः हलवली. पुन्हा नळी, पुन्हा भिंगरी. पुन्हा तेवढीच. दुसऱ्या एका आईचं दूध तपासलं, ते दाट, छान. भिंगरी ठीक होती. बाळाच्या नाकातून जाणाऱ्या नळीला साय चिकटते का तेही पाहिलं, पण जी मुळात बाटलीतच नाही ती नळीला काय चिकटणार? त्या दिवशी मॅडम वऱ्हांड्यात इकडून तिकडे इतक्या फिरल्या की सिस्टर म्हणाल्या, यांना एक पेटी द्या झोपायला.

मला त्यांची भीती वाटायला लागली होती. ज्या वाक्यावर ही बाई इतकी वर्षं उभी होती, पाण्यासारखं दूध कुठल्याच आईचं नसतं, ते वाक्य त्यांच्याच भिंगरीने खोटं पाडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "असेलही तिचं पातळ. घरून येतंय ते दूध चालू ठेवू आणि वर पावडर सुरू करू. बाळ महत्त्वाचं." त्यांचं चुकत नव्हतं. पावडर सुरू झाली. आणि ती बातमी मातोरीत पोचली.

पुढचं आम्हाला हौसाबाईंकडूनच कळत होतं. जयश्रीच्या नवऱ्याचे एक मामा होते, गावात वजन असलेले, त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "पोरीच्या दुधात कसच नाय." नवरा काही बोलला नाही, म्हणजे बोलल्यासारखंच. जयश्री जेवेना. रोज येणाऱ्या बाटल्यांतली दुधाची रेघ खाली खाली सरकायला लागली. आणखी काही दिवस गेले असते तर बाटल्याच आल्या नसत्या, आणि त्या पोरीने जन्मभर स्वतःला कोरडी बाई म्हणून घेतलं असतं. मॅडम ती रेघ रोज बघायच्या. एका संध्याकाळी निघताना मला म्हणाल्या, "उद्या पहाटे तयार राहा. दूध बाटलीत येतं त्याच्या आधी बघायचंय मला."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही स्कूटीवर मखमलाबाद ओलांडून मातोरीच्या रस्त्याला लागलो. मॅडम चालवत होत्या, मी मागे बसून डोळे मिटले होते. घरासमोर टेम्पोत गुलाबाच्या जुड्या चढत होत्या. कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. मॅडम घराला वळसा घालून मागच्या दाराने गेल्या, कारण पुढच्या दाराने गेलं की चहा होतो.

मागच्या ओट्यावर हौसाबाई बसल्या होत्या. समोर फ्रिजमधून काढलेल्या आमच्या बाटल्या, एका उकळलेल्या पातेल्यात चमचा. रात्रभर थंडीत राहून दुधावर पिवळसर थर आला होता. हौसाबाई जीव लावून, एक थेंब सांडू न देता, चमच्याने तो थर काढत होत्या आणि चांदीच्या छोट्या वाटीत ठेवत होत्या. एक बाटली झाली की झाकण घट्ट लावायचं आणि खोक्यात उभी करायची. शेवटी त्या वाटी घेऊन उठल्या आणि अंगणातल्या गुलाबाच्या बुंध्याशी ओतली. बाळंतिणीचं दूध पायदळी जाऊ नये म्हणून.

मी मॅडमकडे पाहिलं. आता सटाणा फुटणार, मी मनाशी म्हटलं. पण त्यांचा आवाज आला तो इतका हळू की मला ओळखूच आला नाही.

"हौसाबाई, काय काढता?"

हौसाबाई दचकल्या, मग हसल्या. "या की म्याडम. साय वं. चिमणीएवढं लेकरू, त्याला कशी पचंल साय? आमच्या सगळ्या पोरांना आमी वरचं दूध साय काढूनच पाजलंय. ह्याचं तर पोट लयच नाजूक. म्हनून रोज हलकं करून आनते." त्यांनी चमचा दाखवला. "उकळून घेते, बरं का. तुमी सांगितलं व्हतं ना."

म्हणजे आम्ही दिलेल्या प्रत्येक सूचनेचं पालन झालं होतं. चमचा उकळलेला, हात धुतलेले, बर्फ ताजा. साय काढू नका, असं मात्र आम्ही कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईच्या दुधावरची साय कुणी काढेल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि जिच्या घरात दोन पिढ्यांची बाळं गाईच्या दुधावर वाढली, तिला ती न काढणं पाप वाटलं असतं.

मॅडमनी त्यांचा हात धरला आणि ओट्यावर बसवलं. स्वतः उभ्याच. अगदी थोड्या शब्दांत सांगितलं, की बाळ त्या सायीवरच वाढतं. हौसाबाई ऐकत होत्या. 

"म्हंजी मीच उपाशी ठेवलं का वं त्याला?"

मॅडमनी त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला.

"आन हिला सगळी नावं ठेवत्यात..." हौसाबाईंनी पदर तोंडात कोंबला. आतल्या खोलीत जयश्री होती.

"ऐका माझं," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून साय काढायची नाही. एवढंच. बाकी कुणाला काही सांगायचं नाही. घरात मी बोलते."

आणि त्या घरात जाऊन बोलल्या. मामा, नवरा, चहा देणारी नणंद, दाराआड उभी जयश्री, सगळ्यांसमोर, कंबरेवर हात ठेवून. "चूक आमची आहे. आमच्याकडे दूध ओतताना बाटल्या नीट हलवल्या गेल्या नाहीत. साय काचेलाच राहून जात होती. तुमच्या सुनेचं दूध उत्तम आहे. असं दूध मी कमी बघितलंय. ऐकलंत ना मामा? उत्तम." मी मागे उभी राहून घामाने भिजले. जी बाई जगाला हलवा हलवा म्हणून ओरडत फिरली, ती सांगत होती की आम्ही हलवलं नाही.

परतताना मी बरंच बडबडले. असं कसं करता, हे अंगाशी येईल, मी काय चोर आहे का. मॅडमनी उत्तर दिलं ते रस्त्याकडे बघतच. वाऱ्यात अर्धं ऐकू आलं, अर्धं मी जोडलं.

"माझा मुलगा झाला तेव्हा मी बावीस-तेवीसची. माझी आईच म्हणाली, तुझं दूध पाणी आहे गं. मी ऐकलं आणि दोन दिवसांत आटलं. पुढे मी हे सगळं शिकले. मग सटाण्याला गेले आणि तिला पुस्तक उघडून दाखवलं, की आई, तू चुकीची होतीस. मी खरंच बोलत होते. तिने सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर तिने नातवाला मांडीवर घेतलं नाही. म्हणायची, माझा हात वाईट आहे." सिग्नल नव्हता तरी त्यांनी गाडी हळू केली. "खरं सांगून आले आणि आई घालवून बसले. आता परत नको."



डॉक्टरांना मात्र त्यांनी सगळं खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मग हे असंच लिहू ना." मॅडम म्हणाल्या, "लिहिल्याने उपचारात काय फरक पडतो? उद्यापासून बाळाला सायीसकट दूध मिळतंय. फरक त्या घरात पडेल." डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि विषय सोडला.

सायीसकट दूध आलं. नळीत पहिल्याच दिवशी चांगला तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा थर दिसला आणि मॅडम ती नळी घेऊन लहान मुलीसारख्या सगळ्या विभागात दाखवत सुटल्या. काटा हलला. पावडर बंद झाली. जयश्री बरी होऊन स्वतः येऊन बसायला लागली आणि बाटल्यांतली रेघ वर चढली ती इतकी की उरलेलं दूध ती आमच्याच बँकेत देऊ लागली.

पण मामा गप्प बसणारे नव्हते. चूक रुग्णालयाचीच आहे हे कबूल झालं म्हटल्यावर त्यांना जोर आला. तक्रार झाली, विश्वस्तांची बैठक झाली. मॅडम निवृत्तीनंतर मुदतवाढीवर काम करत होत्या. पुढची मुदतवाढ मिळाली नाही. बैठकीतून बाहेर आल्या तेव्हा मी दारात उभी होते, मला आत जाऊन ओरडायचं होतं. त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "चाल वं, काम शे." माझं रक्त अजूनही उकळतं ते आठवून. मुदत संपेपर्यंत त्या तशाच धावत राहिल्या.

त्यांच्या शेवटच्या दिवशी खालच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. शाल, श्रीफळ, सामोसे. ज्यांनी काढलं तेच शाल देणार होते. आम्ही खाली निघणार तेवढ्यात जयश्री लसीसाठी आणलेल्या मुलाला घेऊन वर आमच्या खोलीत आली. गुबगुबीत पोर, दुधाच्या बाटल्यांकडे हात टाकणारं. मॅडमनी त्याला उचलून वजन अंदाजलं आणि विचारलं, "सासूबाई कशा आहेत?"

जयश्री जरा घुटमळली. मग दार लोटून घेतलं.

"मॅडम, तुम्ही चाललात म्हणून बोलते. मला ठाऊक आहे, साय आत्याबाई काढायच्या." सासूला ती आत्याबाई म्हणायची. "मी खिडकीतून बघायचे रोज, त्या वाटी गुलाबाला ओतायच्या. मला वाटायचं, दवाखान्यानंच तसं सांगितलंय. तुम्ही घरी येऊन बाटल्यांचं बोललात ना, तेव्हा सगळं उमगलं."

"मग बोलली का नाहीस? अख्खं घर तुला बोलत होतं."

"तापात त्यांनी माझं सगळं केलं, मॅडम. माझ्या आईनं केलं नसतं. त्यांना कसं बोलू? आणि त्या दिवसापासनं त्यांनी साय सोडलीय. दही नाय, लोणी नाय. दूध गाळून देते तरी वर सायीचा एखादा कण दिसला की पेला बाजूला ठेवतात. कुणी विचारलं तर म्हणतात, मला पचत नाही. मी रोज बघते आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

मॅडमनी पोर तिच्याकडे दिलं, खुर्चीवरचा स्वेटर उचलला आणि माझ्याकडे वळल्या. "चाल."

"मॅडम, खाली..."

"चाल वं माय!"

जयश्री नवऱ्याच्या गाडीवर पुढे आणि आम्ही मागे. तोच रस्ता, त्याच वेगाने, मी तसेच डोळे मिटून. हौसाबाई पडवीत गुलाबाच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मॅडम त्यांच्याशी काही न बोलता थेट स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात वाटी होती. सकाळच्या दुधावरची सगळी साय, वर साखर.

आणि देवरे मॅडम खाली बसल्या. मांडी घालून, हौसाबाईंच्या समोर, फुलांच्या पाचोळ्यात. मी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

"आ करा."

हौसाबाईंनी मान वळवली. "नको वं बाई. मला नाय पचत."

"पचवायचं मी बघते. आ करा."

ओठ घट्ट मिटलेले. आमच्याकडची काही बाळं असंच करतात. मॅडमनी चमचा तसाच ओठांजवळ धरून ठेवला. हात हलला नाही. हौसाबाईंची नजर दाराकडे गेली. तिथे जयश्री मुलाला कडेवर घेऊन उभी होती.

"खा आत्याबाई," ती म्हणाली. "मला सगळं ठाऊक हाय. कवाचं."

हौसाबाई सुनेकडे बघत राहिल्या. मग तोंड उघडलं. पहिला चमचा आत गेला तेव्हा त्या रडत होत्या, साय हनुवटीवर ओघळली, ती मॅडमनी अंगठ्याने टिपून परत तोंडात घातली. दुसरा चमचा, तिसरा. पोर कडेवरून वाटीकडे झेपावत होतं आणि त्याची आई त्याला आवरत हसत होती, डोळे पुसत होती. मलाही रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

माझा फोन वाजत होता. रुग्णालयाच्या हॉलमधून. मी हळूच म्हटलं, "मॅडम, सगळे वाट बघतायत. निघू या?"

त्यांनी चमचा भरला, हौसाबाई गिळतायत का ते पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"थांब गं जरा."

मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि पडवीच्या पायरीवर बसले.